अपूचा हेल आणि नायरचा फोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतला, हेल काढून इंग्रजी बोलणारा भारतीय दुकानदार अपू जवळजवळ तीस वर्षं लोकांना हसवत होता, मग तो एकाएकी अपमानास्पद कसा ठरला? विनोदी मालिकेत सगळ्यांचीच खेचली जाते, मग एकाच समाजाने का चिडावं? विचारणारे स्वतः एका चालू विनोदी मालिकेचे संवाद लिहितात. त्यांच्याकडेही एक परभाषिक पात्र आहे, त्याची बोलण्याची ढब हिट आहे, आणि आता तिच्यावर तक्रारी यायला लागल्या आहेत. त्या पात्राचं काय करावं?

मी २२ वर्षं टीव्हीसाठी विनोदी लेखन करते आहे, त्यातलं बरंचसं डेली मालिकांसाठी. आधी उत्तर सांगते, मग कारणं. अपू एकाएकी अपमानास्पद ठरला नाही. ज्यांना तो लागत होता ती मुलं १९९० च्या दशकात शाळेत होती, आणि त्यांचं म्हणणं टीव्हीच्या पडद्यापर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस वर्षं गेली. तुमच्या पात्राबद्दल म्हणाल, तर त्याला काढू नका. त्याला अजून कुणी नीट लिहिलेलंच नाही असं धरून चाला आणि लिहायला बसा.

साचेबद्ध पात्र लिहिणाऱ्याच्या मनात त्या समाजाबद्दल आकस असतो असं बाहेरच्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. साचा बहुतेक वेळा घाईतून येतो. बावीस मिनिटांच्या भागात एखादा दुकानदार, वॉचमन किंवा डॉक्टर दीड मिनिटासाठी येतो. तेवढ्यात तो ओळखू यावा, लक्षात राहावा आणि एक हशा घेऊन जावा, एवढंच लेखकाला हवं असतं. त्यासाठी हेल काढून बोलायला लावणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. नटाने तोंड उघडलं की काम झालं, पंच लिहायचीही गरज उरत नाही. एका प्रवेशापुरतं हे खपून जातं. पण दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेत असं दीड मिनिटाचं पात्र हिट होतं आणि मुक्कामाला येतं. घाईत काढलेली ती खूण मग त्याचा जन्मभराचा स्वभाव होऊन बसते.

अपूचं हेच झालं. 'द सिम्पसन्स'चे अर्ध्या तासाचे भाग डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाले आणि २५ फेब्रुवारी १९९० च्या भागात अपू पहिल्यांदा दिसला, क्विक-ई-मार्ट नावाच्या दुकानाच्या गल्ल्यामागे उभा. नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटत्रयीतल्या अपूवरून घेतलेलं. आवाज हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकी नटाचा. आणि त्या आवाजाची प्रेरणा कोणती, तर 'द पार्टी' या १९६८ च्या चित्रपटात पीटर सेलर्स या ब्रिटिश नटाने चेहरा रंगवून साकारलेला भारतीय माणूस. हे अझारिया यांनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे कुणा खऱ्या भारतीय दुकानदाराला ऐकून, त्याच्याशी दोन शब्द बोलून ती लकब उचललेली नव्हती. ती नकलेची नक्कल होती. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकी विनोदकाराने २०१२ मध्ये टीव्हीवर नेमकं हेच बोट ठेवलं होतं : एका गोऱ्या माणसाने केलेली माझ्या वडिलांची टवाळी दुसरा गोरा माणूस पुन्हा करून दाखवतो आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. विनोद लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते वहीत लिहून ठेवावं. आपण जी ढब लिहितो ती माणसाकडून आली आहे की आधीच्या एखाद्या मालिकेतून, हे तपासायला त्याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

आता अपूच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण तो वाईट लिहिलेला नाही. तो मेहनती आहे, हुशार आहे, संगणकशास्त्रात डॉक्टरेट केलेला आहे. मे १९९६ च्या एका भागात त्याच्या गावात बेकायदा स्थलांतरितांना हाकलून देण्यासाठी मतदान होतं. कॅलिफोर्नियात १९९४ साली बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध जो 'प्रपोझिशन १८७' नावाचा प्रस्ताव मतदानाने मंजूर झाला होता, त्यावरचं ते थेट भाष्य होतं. घाबरलेला अपू खोटी कागदपत्रं घेतो, अमेरिकी पेहराव करतो, अमेरिकी ढंगात बोलू लागतो आणि मग आपण आईवडिलांना, आपल्या मुळांना पाठ दाखवली या जाणिवेने कोसळतो. शेवटी तो नागरिकत्वाची परीक्षा देतो. यादवी युद्धाचं कारण विचारल्यावर तो इतिहासाच्या प्राध्यापकासारखं उलगडून सांगू लागतो आणि परीक्षक त्याला थांबवून म्हणतो की नुसतं 'गुलामगिरी' म्हण. तो प्रवेश मी नवीन लेखकांना आवर्जून दाखवते. तिथे हशा अपूच्या हेलावर येत नाही. अपूला जास्त कळतं आणि व्यवस्थेला कमी उत्तर हवं आहे, यावर तो येतो. त्याच नटाचा तोच आवाज, पण विनोदाचं तोंड दुसरीकडे वळलेलं.

तरीही लोकांना अपू आठवतो तो या प्रवेशामुळे नाही. आठवतं ते त्याचं गिऱ्हाइकांना ठरलेलं 'थँक यू, कम अगेन'. ही दीर्घ मालिकेची ताकद आहे आणि तिची अडचणही तीच. शेकडो भागांत तुम्ही काय काय लिहिलं ते प्रेक्षक विसरतो. जे पुन्हा पुन्हा ऐकू आलं तेवढं त्याच्या जिभेवर राहतं आणि दुसऱ्या दिवशी तो ते शाळेत, कँटीनमध्ये, रस्त्यावर म्हणून दाखवतो. पटकथेतला संदर्भ गळून पडतो, हेल तेवढा उरतो.

आणि तो हेल ऐकायला लागणारी मुलं किती होती? अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे ८ लाख लोक होते. बहुसंख्य वर्गांमध्ये असं मूल एकच असणार. त्या काळात अमेरिकी टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारा भारतीय म्हणजे अपू, दुसरा जवळपास कुणी नाही. मग वर्गातल्या इतर मुलांना त्या एका मुलाकडे बघून जे सुचतं ते अपूकडूनच येतं. कोंडाबोलू त्याच पिढीतले. ते सिम्पसन्सचे चाहते आहेत आणि हे ते लपवत नाहीत. म्हणूनच नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेला त्यांचा 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट मला महत्त्वाचा वाटतो. त्यात भारतीय वंशाचे अनेक नट आणि विनोदकार आपापल्या शाळेतले दिवस सांगतात आणि सगळ्यांच्या आठवणींत तोच आवाज येतो. त्यात मालिकेवर बंदीची मागणी नाही. पात्र काढून टाका असंही कोंडाबोलूंचं म्हणणं नव्हतं. एवढ्या हुशार लेखकांनी याच पात्रावर हुशारी का खर्च केली नाही, असा तो प्रश्न होता.

मालिकेने एप्रिल २०१८ च्या एका भागात उत्तर दिलं. सिम्पसन कुटुंबातली छोटी लिसा प्रेक्षकांकडे बघून म्हणते की जे पूर्वी लोकांनी उचलून धरलं ते आता चुकीचं ठरलं, काय करणार. शेजारी अपूचा फोटो. मला त्या उत्तराचं वाईट वाटलं, आणि ते धंद्यातली बाई म्हणून. लिसा ही त्या मालिकेची सदसद्विवेकबुद्धी. तिच्या तोंडी हात झटकणारं वाक्य देणं म्हणजे तीस वर्षं जपलेलं पात्र एका बचावासाठी खर्च करणं. त्या क्षणी लिसा खरंच काय म्हणाली असती, एवढा एकच प्रश्न लेखकांनी स्वतःला विचारला असता तर भाग वेगळा झाला असता.

अझारियांनी मात्र वेगळी वाट घेतली. त्याच महिन्यात त्यांनी टीव्हीवर सांगितलं की मी बाजूला व्हायला तयार आहे आणि लेखकांच्या खोलीत भारतीय, दक्षिण आशियाई लोक हवेत, नावापुरते नव्हे तर कामाला दिशा देणारे. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी अपूचा आवाज देणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल २०२१ मध्ये एका पॉडकास्टवर जाहीर माफी मागितली. तिथे त्यांनी आपल्या मुलाच्या शाळेतल्या एका सतरा वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलाबद्दल सांगितलं. त्या मुलाने मालिका कधी पाहिलेलीच नव्हती, पण अपू म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण त्याला ते नाव शिवी म्हणून ऐकावं लागलं होतं. लेखक म्हणून मला या एका तपशिलाने हलवलं. आपण लिहिलेलं पात्र मालिका न पाहणाऱ्याच्या आयुष्यात जातं. तिथे आपला हेतू काय होता हे सांगायला आपण नसतो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे : 'मी भारतीय आहे, मला अपू कधीच खटकला नाही.' बरोबर आहे, खटकणार नाही. भारतात बसून अपू पाहणाऱ्याच्या आजूबाजूला सगळे त्याच्यासारखेच. त्याच्या मुलाला शाळेत कुणी तो हेल काढून चिडवत नाही. ब्रिटनमधली 'माइंड युअर लँग्वेज' ही १९७७ साली सुरू झालेली मालिका आठवा. इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांचा वर्ग, त्यात शीख, पाकिस्तानी, चिनी, इटालियन, प्रत्येक जण आपल्या देशाचा ठोकळा. तिकडे लोकप्रिय असूनही वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी ती अपमानास्पद ठरवून बंद केली. आपल्याकडे मात्र ती प्रेमाने पाहिली गेली आणि १९९३ मध्ये 'जबान संभालके' हा तिचा हिंदी अवतारही आला. दोन्ही ठिकाणचे प्रेक्षक आपापल्या जागी खरे आहेत. ज्याला त्या विनोदाची किंमत रोज मोजावी लागते त्याला तो वेगळा ऐकू येतो.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. हिंदी मालिकांमधली मराठी पात्रं आठवून बघा. भांडी घासायला आलेली, पदर खोचलेली बाई. सलाम ठोकणारा, थोडा मंद हवालदार. 'मेरे को', 'तेरे को' करणारा पंटर. यातली एकेक भूमिका वेगळी काढली तर कुणालाच काही वाटत नाही, आणि भांडी घासणं हे काही कमीपणाचं काम नाही. पण वर्षानुवर्षं सगळ्या मालिकांमध्ये मराठी बाई त्याच दारातून आत येते आणि तिला स्वतःची गोष्ट कधीच नसते, तेव्हा आपल्याला काहीतरी खुपायला लागतं. ते खुपणं लक्षात ठेवा. तुमच्या मालिकेतल्या परभाषिक पात्राच्या घरी तेच होत असतं.

'सगळ्यांचीच खेचतो' हा युक्तिवाद मी स्वतः अनेक वर्षं वापरला आहे. सिम्पसन्समध्येही तो लागू होतो असं वरवर दिसतं : होमर आळशी गोरा अमेरिकी, विली तापट स्कॉटिश, शिवाय इटालियन माफिया. पण होमर मूर्ख आहे म्हणून गोरे बाप मूर्ख असतात असं कुणी म्हणत नाही, कारण टीव्हीवर गोऱ्या बापांचा तुटवडा नाही. न्यायाधीश, डॉक्टर, प्रियकर, खुनी, संत, सगळे तेच असतात. एकेकट्या पात्राला ही सूट मिळत नाही. आपण सगळ्यांना सारखीच चपराक मारतो म्हणतो तेव्हा कुणाच्या अंगावर किती कपडे आहेत हे पाहिलेलं नसतं.

दुसरा एक बचाव अधिक हुशार असतो : आम्ही पूर्वग्रहाची टिंगल करतो आहोत. हे खरोखर जमू शकतं, पण वाटतं तितकं सोपं नाही. ब्रिटनच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेतला वर्णद्वेष्टा आल्फ गार्नेट लेखकाने लोकांनी त्याला हसावं म्हणून उभा केला, वॉरन मिचेल या ज्यू नटाने तो अप्रतिम वठवला, आणि प्रेक्षकांतल्या अनेकांनी त्याला आपला माणूस मानलं. तिच्यावरून १९७१ मध्ये अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' आली. तिच्यातल्या तशाच वर्णद्वेष्ट्या आर्ची बंकरवर विडमार आणि रोकीच या संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विनोदी लेखकांनी जरूर माहीत करून घ्यावा. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह जास्त होते, त्यांना आर्ची अधिक आवडत होता आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. एकच प्रवेश, दोन घरांत दोन अर्थ. त्यामुळे टिंगल पूर्वग्रहाची असेल तर ती पूर्वग्रह बाळगणाऱ्यालाही ऐकू जाईल इतकी स्पष्ट लिहायला हवी. नुसता डोळा मारून भागत नाही.

नट बदलणं हा सध्याचा आवडता उपाय आहे. जून २०२० मध्ये सिम्पसन्सने जाहीर केलं की यापुढे बिगर-गोऱ्या पात्रांना गोरे नट आवाज देणार नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो, निदान रोजगाराच्या दृष्टीने तरी. पण त्याने लेखनाचा प्रश्न सुटत नाही. 'एमॉस अँड अँडी' ही अमेरिकी रेडिओवर १९२८ पासून गाजलेली मालिका दोन गोरे नट कृष्णवर्णीयांचे आवाज काढून करत. १९५१ मध्ये ती टीव्हीवर आली तेव्हा सगळे नट कृष्णवर्णीय घेतले, आणि त्यांच्याकडून अपेक्षा ही की रेडिओवरच्या गोऱ्यांनी ठरवलेल्या ढबीतच बोलायचं. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने विरोध केला, १९५३ मध्ये मालिका थांबली आणि १९६६ मध्ये तिचं पुनःप्रसारणही मागे घेतलं गेलं. नट त्या समाजाचा, शब्द मात्र दुसऱ्याच्या कल्पनेतले. उलट बाजूने पाहा : 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २००८ पासून चालू आहे, ४००० हून अधिक भाग झाले, आणि त्यातला तमिळ अय्यर साकारणारे तनुज महाशब्दे मराठी आहेत. परभाषिक नटाने दुसऱ्या भाषेतलं पात्र करणं हा काही गुन्हा नाही, अभिनय म्हणजे शेवटी तेच. पण मग अभ्यासाचा भार नटावर आणि त्याहून जास्त लेखकावर येतो.

अपूला आता आवाज नाही. कधीतरी गर्दीत, न बोलता दिसतो. मला ही अखेर पटत नाही. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ४४ लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले. त्यांच्यातला सगळ्यात जुना टीव्ही शेजारी गप्प बसवला गेला, तेही त्याच्याबद्दल खूप काही लिहिण्यासारखं असताना. म्हणूनच मी तुम्हाला पात्र काढू नका म्हणते.

मग उद्या सकाळच्या वाचनाला काय करायचं? पहिली गोष्ट, त्या पात्राचे संवाद साध्या, सरळ मराठीत वाचायला सांगा. हेल नाही, 'अय्यो' नाही, लिंगाच्या चुका नाहीत. जिथे हशा टिकतो तिथे तुम्ही विनोद लिहिलेला आहे. जिथे खोली गप्प होते तिथे आजवर फक्त ढब हसवत होती. ही परीक्षा कठोर आहे. पहिल्यांदा केली तेव्हा माझ्या हातात चार पानांतली अर्धा पान मजा उरली होती. नंतर त्या पात्राला या भागात काय हवंय ते शोधा. कुणाच्या आड येण्यासाठी किंवा गैरसमज करून घेण्यासाठी आलेल्या पात्राला स्वतःचं काहीच नको असतं, आणि ज्याला काही नको असतं तो माणूस राहत नाही. हवं ते किरकोळ चालेल : खिडकीजवळची जागा, मुलीच्या शाळेतलं बक्षीस, साहेबांनी एकदा तरी नाव बरोबर उच्चारावं एवढंच.

शक्य असेल तर त्याच्याच समाजातलं दुसरं पात्र आणा, स्वभावाने अगदी उलट. दोघं समोरासमोर आले की 'ते लोक असेच असतात' हे वाक्य आपोआप मोडतं. ब्रिटनमध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम १९९८ मध्ये टीव्हीवर आला तेव्हा हेच दिसलं. लिहिणारे आणि करणारे प्रामुख्याने भारतीय वंशाचे, त्यामुळे त्यात कंजूष काका होते, बढाईखोर मावश्या होत्या, इंग्रजांहून इंग्रज होऊ पाहणारे होते. म्हणजे साचे होतेच, पण इतके आणि इतक्या दिशांचे की एकही साचा पूर्ण समाजाच्या गळ्यात पडला नाही. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रवेश म्हणजे मुंबईतली मित्रमंडळी पिऊन इंग्रजी जेवणाच्या हॉटेलात जातात आणि वेटरच्या नावाचे हाल करून सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागवतात. शुक्रवारी रात्री पिऊन भारतीय हॉटेलात असंच वागणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकाला त्यात आपलाच आरसा दिसला. त्यावर तेही पोट धरून हसले.

एक उलटी चूक टाळा. तक्रार आली की घाबरलेली टीम त्या पात्राला संत करून टाकते. तो चुकत नाही, चिडत नाही, सगळ्यांना उपदेश करतो. हे आणखी वाईट, कारण आता तो विनोदी मालिकेत असूनही विनोदाबाहेर गेला. त्याला मूर्खपणा करू द्या, फक्त तो मूर्खपणा त्याचा स्वतःचा असू द्या. 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलात घडणाऱ्या ब्रिटिश मालिकेतला स्पॅनिश वेटर मॅन्युएल गोंधळ घालतो, पण प्रवेश नीट पाहिला तर निम्मा गोंधळ बेसिल नावाच्या मालकाच्या घमेंडीतून येतो. बेसिलला आपलं स्पॅनिश फार उत्तम आहे असं वाटत असतं. शिवाय ती मालिका एकूण १२ भागांची. ढब शिळी होऊन टोचायला लागण्याएवढा वेळच तिने घेतला नाही. आपल्याला डेलीत ती चैन नसते, म्हणून आपल्याला जास्त काळजी घ्यावी लागते.

चॅनेल म्हणेल, ढब काढली तर रेटिंग पडेल. त्यांच्याशी तत्त्वाचा वाद घालू नका, पानं घेऊन जा. मी काय केलं ते सांगते.

एका ऑफिसवर आधारलेल्या विनोदी मालिकेत आमच्याकडे नायर नावाचा अकाउंटंट होता. नट मराठी, रंगभूमीवरचा कसलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात त्याचं 'अय्यय्यो' हिट झालं आणि आम्ही सगळे सुखावलो. पुढे शंभरेक भाग मी त्याला प्रत्येक प्रवेशात ते देत गेले. त्याच्या टेबलावर कलाविभागाने एक दाक्षिणात्य वर्तमानपत्र ठेवलेलं असे. एका प्रवेशाआधी या नटाने मला सेटवर बाजूला घेऊन विचारलं, 'मॅडम, याला घरून फोन आला तर हा कुठल्या भाषेत बोलेल?' मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो म्हणाला, 'साउथचं काहीतरी बोल ना, लांबून शॉट आहे.' नटाने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. ते तमिळ होतं. नायर हे केरळातलं आडनाव, त्याची भाषा मल्याळम. शंभर भाग हा माणूस स्वतःला न येणारं वर्तमानपत्र समोर ठेवून बसला होता आणि आमच्यातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन माझे जुने भाग काढून बसले. त्याचं गाव, त्याची आई, त्याला पगारवाढ मिळाली की नाही, यातलं एक अक्षर मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तो फोन आम्ही पुढे ढकलला. एका मल्याळी ओळखीच्या बाईंना बसवून दोन पानं लिहिली, नटाने आठवडाभर त्यांच्याकडून उच्चार घोटून घेतले. प्रवेश असा : जेवणाच्या सुट्टीत नायरच्या आईचा फोन येतो. तो मल्याळममध्ये बोलायला लागतो आणि एकदम दुसराच माणूस होतो, भरभर बोलणारा, खोडकर, आईची चेष्टा करणारा. आई विचारते, तुझ्या ऑफिसातले लोक कसे आहेत? आणि नायर एकेकाची नक्कल करून दाखवतो. हेडक्लार्कचं नाकातलं बोलणं, साहेबांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसंय' ने सुरू करणं, टायपिस्टबाईंचं उसासा टाकून फाइल देणं. पलीकडे आई हसून बेजार. खाली मराठी सबटायटल. मागे हेडक्लार्क डबा घेऊन उभा आहे, त्याला भाषा कळत नाही, पण स्वतःचा आवाज ओळखू येतो आणि हातातला घास तसाच राहतो.

वाचनाच्या वेळी सगळ्यात मोठ्याने हसला तो हेडक्लार्क करणारा नट. चॅनेलच्या माणसाने पानं परत मागून घेतली आणि पुढच्या आठवड्याच्या प्रोमोत तोच तुकडा टाकला. 'अय्यय्यो' आम्ही बंद केलं नाही. काही भागांनंतर ते आपोआप कमी झालं, कारण आता कुठलाही प्रवेश लिहायला घेतला की खोलीत कुणीतरी विचारायचं, 'हे सगळं चाललंय तेव्हा नायर तिथे बसलाय ना? मग आज रात्री तो आईला काय सांगेल?'